मोरे सरांचं थायोरेडॉक्सिन

रविवार सकाळ, सोसायटीची मीटिंग. हजर: मी (सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी होत नाही), तळमजल्याचे काझीभाई आणि मोरे सर. विषय: गंजलेला पंप.

"गंज फक्त लोखंडाला चढतो असं नाय," सर म्हणाले.

"आलं थायोरेडॉक्सिन," काझीभाई पुटपुटले.

आलंच. सर महाडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मूळ कुडपणचे, रंगात आले की त्यांच्या तोंडून गावची बोली येऊ लागते. जावांचं भांडण असो की आंबेनळी घाटात अडकलेली एसटी, त्यांना हेच एक प्रोटीन आठवतं. "पेशीत ऑक्सिजनच्या त्रासानं प्रोटीनांना नको तिथं गाठी पडतात. हा पठ्ठ्या जातो, गाठ सोडवतो. कशी? स्वतःवर घेऊन!" भाजीवालीलाही ऐकवलं होतं. ती म्हणाली, "बरं हाय सर, पण मेथी देऊ का नाय?"

मला मीटिंग संपवायची होती. "मग त्या पठ्ठ्याचं काय होतं?"

हा भाग सरांच्या बोलण्यात कधी आलाच नव्हता.

"ते अडकतं. दुसरं एक प्रोटीन येऊन त्याला मोकळं करतं. मग परत कामाला लागतं."

"आणि नाही आलं तर?" काझीभाईंनी विचारलं.

"मग काय, भाई... पेशी थकते."

सरांच्या पत्नी, सुमनवहिनी, अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. घास सरांच्याच हातून घेतात. मुलगा मुंबईत. सरांचं हर्नियाचं ऑपरेशन त्यामुळे लांबतंय. मदतीचं विचारलं की सर विषय पेशीवर नेतात.

मी पंप बाजूला ठेवला. "दुपारी वहिनींजवळ मी बसते. तुम्ही जरा फिरून या."

"तुमच्या हातनं ती जेवणार नाय."

"बघू."

वहिनींनी दोन घास घेतले. तिसऱ्याला तोंड फिरवलं आणि अडखळत विचारलं, "ते... जेवले?"

परतलेत का बघायला दार उघडलं, तर सर कुठेच गेले नव्हते. पायात चप्पल, पाठ भिंतीला, जिन्यातच गाढ झोपलेले. खालच्या पायरीवर काझीभाई उभे, वर येणाऱ्या प्रत्येकाला हातानेच थोपवत.

ऑपरेशनसाठी आता पाळ्या लावल्यात. दुपारी मी, संध्याकाळी काझीभाईंची बायको, रात्री मुलगा येतो म्हणालाय. सकाळी वहिनींना भरवायला अजून कुणी मिळालेलं नाही.