कुसाबाईचे कान

या, टेका इथं. आमच्या सहादूच्या डोक्याचा फोटो काढायला गेले आन् कान बसले कुसाबाईचे, ती गंमत सांगतो.

सहादू नाशकात, अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर. आठ तास धाडधाड पत्रा ठोकायचा. तिथं बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून गड्याची बोलायची सवयच मोडली. घरी आला की नुसतं "हं" नाहीतर "नाय". लग्नाला बारा वर्षं झाली, पण कुसाबाईला नवऱ्याच्या तोंडून एक धड वाक्य मिळालं नव्हतं. "भिंत बरी, तिचे पोपडे तरी पडत्यात," म्हणायची.

एकोणनव्वद साली सहादूला चक्कर यायला लागली. डॉक्टरनं मुंबईला धाडलं. तिथं नवंच मशीन आलेलं, माणसाला बोगद्यात सरकवून डोक्याचा फोटो काढणारं. आवाज असा, की आधीचा पेशंट कान दाबूनच बाहेर आला. नर्सनं कापसाचे चार बोळे दिले, दोघांना दोन-दोन. कुसाबाईनं चारही नवऱ्याच्याच कानांत कोंबले.

मशीन धडधडलं आणि सहादू घोरायला लागला. त्याला ते अंगाईसारखं! पण मधे मशीन थांबलं की हा दचकून उठायचा.

"का बंद पडलं? फिटरला बोलवा!"

डोकं हललं, फोटो बिघडला. असं दोनदा झालं.

मशीनवाला वैतागला. "बाई, मंगळसूत्र, जोडवी, केसांतले आकडे, सगळं काढा आणि आत येऊन ह्यांना धरा. आता हलले तर घरी न्या!"

कुसाबाई पाय धरून उभी राहिली. मशीन थांबलं की तळवा दाबून वरडायची, "झोपा! भोंगा झाला नाय अजून!"

तिसऱ्या खेपेला फोटो निघाला. चांगला निघाला. चक्कर उपाशीपोटी तंबाखू खाऊन येत होती. मशीनवाला हसून कुसाबाईला काहीतरी म्हणाला.

"आँ?" कुसाबाई म्हणाली.

तिच्या कानांत नुसता भुंगा! डॉक्टर म्हणाला, "दोन-तीन दिवसांत उतरेल."

नाशकात आल्यावर सहादूची पंचाईत झाली. दूधवाला आला, हाच बोलला. शेजारची भागीबाई चौकशीला आली, तिला सगळी हकीकत यानंच सांगितली. जीभ सैल झाली गड्याची. तिसऱ्या सकाळी कुसाबाई भाकऱ्या थापत होती, तिच्या पाठीमागं येऊन बसला.

"कुसे, तुला काय ऐकू येत नाय, म्हणून सांगतो. तुझ्या ठेच्यासाठी चार जण माझा डबा उघडायची वाट बघत्यात. मी म्हणतो, बहिणीनं केलाय. लाज वाटती ना, बायकोचं कौतुक करायला. आन् ते पिवळं लुगडं... लय भारी दिसायची तू त्यात. बारा वर्षं जिभेवर हाय, सुटतच नाय."

तव्यावरची भाकरी करपली. कुसाबाई काही वळली नाही. कान पहाटेच मोकळे झाले होते तिचे! डोळे पुसले, तोंड सरळ केलं आणि मग वळली.

"आँ? काय म्हणलात?"

"काय नाय, भाकरी करपली," सहादू वरडला आणि पुढचं सांगायला लागला.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. रोज कामावरून आला की चुलीपाशी बसून तो बोलतोय आणि ती आपली "आँ?" करतीय. मला तिनंच सांगितलं, हळूच.

तेव्हा एक करा. त्यांच्याकडं कधी गेलात, तर कुसाबाईशी जरा वरडून बोला.