मैना म्हशीचा विसावा

एका जंगलात, पोरांनो, कामापेक्षा दमणं जास्त होतं.

तिथं ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य. "जरा टेकतो." माकड अर्धा पेरू खाऊन टेकायचं. कोल्होबा तर काम सुरू करण्याआधीच टेकायचे. म्हणायचे, पुढं दम लागणारच आहे, मग आत्ताच खाल्लेला बरा! आणि रीत अशी, की 'टेकतो' म्हटलेल्याला कुणी हाक मारायची नाही.

मैनाला तेवढी ही रीत लागू नव्हती. मैना म्हणजे म्हैस. हसता काय? म्हशीचं नाव मैना असू नये?

ओढ्यावर मातीचा बंधारा होता. जंगलाचं उन्हाळ्याचं पाणी त्याच्यावरच. मैना रोज चिखल तुडवायची, बंधारा दाबायची. बाकीचे काठावरून "शाब्बास!" म्हणायचे. घशाला तेवढे तरी कष्ट द्यायचे, खोटं कशाला बोला.

एके दुपारी बंधाऱ्याला भगदाड पडलं. मैना धावली, पण भगदाडापाशी येऊन थांबली.

"कोल्होबा, मी जरा टेकते."

कोल्होबांनी एक डोळा उघडला. "तू? का गं, बरं नाही का?"

"दमले."

"तुला सवय आहे की!" माकड म्हणालं. "आम्हाला सवय नाही, म्हणून आम्ही टेकतो."

"आमच्या मातोश्रींनी जन्मात कधी टेकते म्हटलं नाही," कोल्होबा गहिवरले.

"म्हणून लवकर गेल्या," मैना म्हणाली, आणि तिथंच फतकल मारून बसली. पाठ नेमकी भगदाडाला लागली. पाणी थांबलं.

कोल्होबा ताडकन उभे राहिले.

"उठू नका, मैनाताई! विश्रांती हा तुमचा हक्क आहे!"

माकडानं सागाचं पान आणून वारा घातला. कोल्होबांनी विश्रांतीवर भाषण केलं. टाळ्या पडल्या. मैनाला वाटलं, उगाच नावं ठेवत होते मी, गुणाची आहेत बिचारी.

सांज झाली. पलीकडून तिचं रेडकू ओरडायला लागलं.

"उठते आता. लेकरू भुकेलंय."

"छे, छे! तुमचा शीण कुठं गेलाय अजून?"

"माझा शीण मला कळत नाही होय?"

"दमलेल्याला कुठलं कळतंय, ताई?"

"मग चार पाट्या माती टाका इथं. भोक बुजवा, म्हणजे मी सुटले."

माकड वारा जरा जास्तच जोरात घालायला लागलं.

"टाकली असती हो," कोल्होबा हळू आवाजात म्हणाले, "पण तुम्ही विश्रांती घेताय, आणि आम्ही शेजारी धबाधबा माती टाकायची? माणुसकी आहे की नाही काही?"

मग माकड पलीकडं गेलं आणि रेडकाला दटावून आलं, "गप रे! आई आराम करतेय."

तात्पर्य : राबणाऱ्या बाईला विसावा मिळतो, पोरींनो, मिळत नाही असं कोण म्हणतं? फक्त तो चारचौघांच्या सोयीचा असावा, आणि तो कधी संपला हे तिनं ठरवू नये.