पागेतल्या गिरिजाबाई

आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थनेआधी मुलींना विचारलं जाई, "खरारा झाला का?" म्हणजे केस विंचरलेत का. मग हुकूम येई, "खोगीर उतरव." म्हणजे पाट्या खाली ठेवा. कुणी शेजारणीला कोपर मारलं की "दुलत्त्या झाडू नकोस" असं ऐकावं लागे. आणि दुपारी भाकरी खायची वेळ झाली की बाई दारात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "तोबरा चढव."

या बाई विलायतेच्या. मिशनबरोबर म्हैसूरला आलेल्या. नाव मिस ग्रिम्शॉ. ते नाव आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना गिरिजाबाई करून टाकलं. पार्वतीचं नाव ख्रिस्ती बाईला दिलं म्हणून पाद्रीसाहेब फार दुखावले. बाईंना काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "हाक मारली की मी येते ना, मग झालं."

मिशनची माणसं तीन. पाद्रीसाहेब, बाजाची पेटी वाजवणाऱ्या त्यांच्या पत्नी आणि गिरिजाबाई. मिशननं त्यांना कन्नड शिकवायला एक पंडित नेमला होता. तो सभ्य गृहस्थ बाईंच्या आवाजाला इतका घाबरला की महिन्याभरात आजारी पडला. आमची गल्ली मराठी. सगळ्यांचे वाडवडील म्हैसूरच्या महाराजांच्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले. बाहेर कन्नड, घरात मराठी, आणि रागावलं की दोन्ही. माझे आजोबा, आमचे अज्जा, घोड्यावरून पडून गुडघा मोडून घरी बसलेले. बाई रोज संध्याकाळी त्यांचा गुडघा शेकायला येत आणि शेकता शेकता एकेका वस्तूचं मराठी नाव विचारत. अज्जांचा सारा जन्म पागेत गेला होता. त्यांनी दुसरं कुठलं मराठी शिकवायचं?

अज्जांनी त्यांना 'तुम्ही' शिकवायचं राहून गेलं, कारण घोड्याला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही. त्यामुळे बाई साऱ्या जगाला 'तू' म्हणत. देवाला म्हणत ते शोभून दिसे. "देवा, आमचा लगाम तू धर आणि आम्ही अडलो तर टाच मार," ही त्यांची रोजची प्रार्थना. अज्जा शाळेसमोरच्या आमच्या ओट्यावरून ऐकत आणि डोळे पुसत. पण एकदा अमलदारसाहेब आमची तुंबलेली गटार बघायला आले, तेव्हा बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू नाकाला रुमाल कशाला लावलास? आम्ही रोज इथंच श्वास घेतो." अमलदारसाहेबांनी रुमाल काढून खिशात ठेवला. गटार त्याच आठवड्यात साफ झाली.

चिडणं हा त्यांचा धर्म होता असं मला लहानपणी वाटे. तेव्हा नव्या राजवाड्याचं काम चाललं होतं आणि दगडांच्या गाड्या आमच्या कोपऱ्यावरून जात. बैल फेसाळलेले दिसले की बाई गाडीसमोर आडव्या उभ्या राहत. "दगड उतरव, नाहीतर मला जुंप," असं त्या गाडीवानाला सांगत. शेवटी गाडीवानांनी रस्ताच बदलला. पाद्रीसाहेब म्हणत, आपण माणसांचे आत्मे वाचवायला आलोत, बैलांचे नव्हे. यावर बाईंचं उत्तर होतं, "आत्मा नंतर बघ. आधी खूर बघ."

पाद्रीसाहेब वाईट नव्हते. पण मला त्यांचा राग आहे, आणि तो का आहे हे सांगायला येसूची गोष्ट सांगायला हवी.

येसू माझ्या वर्गातली. येसू हे आमच्यात मुलींचं साधं नाव, घरटी एक सापडेल असं. पण कन्नडात ख्रिस्ती लोक त्यांच्या प्रभूलाही येसूच म्हणतात. पाद्रीसाहेब रविवारी कोपऱ्यावर उभे राहून कन्नडात मोठ्यानं सांगत, "येसू बरुत्ताने." येसू येणार आहे. तेव्हा समोरच्या ओट्यावरून कुणीतरी मनापासून सांगे, "साहेब, ती मघाशीच आली. पाण्याला गेलीय." शाळेतही तीच तऱ्हा. येसूनं शाई सांडली, येसूला खरूज झाली, येसू, नाक पूस. पाद्रीसाहेबांच्या अंगावर काटा येई. त्यांनी बाईंना सुचवलं की या मुलीला शाळेपुरतं मेरी म्हणावं.

"तिच्या आईनं ठेवलेलं नाव आहे," बाई म्हणाल्या. "तुझं नाव मी बदलू का?"

त्या हिवाळ्यात प्लेग आला. आम्ही सगळे गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलो. येसूचा बाप आधीच वारला होता. आई त्या झोपडीतच प्लेगानं गेली. माळावरून गल्ली परतली तेव्हा येसूही परतली, पण कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं. कुणी भाकरी देई, कुणी जुनं लुगडं देई. प्लेगाच्या घरची पोर म्हणून उंबऱ्याच्या आत मात्र कुणी घेत नसे. ती आज या ओट्यावर, उद्या त्या ओट्यावर झोपे. यात आमचाही ओटा होता. आमच्या गल्लीचा मला आजही राग येतो, तो एवढ्यासाठीच.

अशात विलायतेहून मिशनचे मोठे साहेब शाळा बघायला आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, बोलायला गोड. ते मुलींच्या रांगेतून हळूहळू चालत आले, येसूच्या डोक्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. येसूला इंग्रजीतला एकच प्रश्न ठाऊक होता, तुझं नाव काय. तिनं ताठ उभं राहून उत्तर दिलं, "येसू."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी पाद्रीसाहेबांचा हात दाबला. त्यांनी काय विचारलं होतं ते बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "बाळ, तुझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम कोण करतं?"

पाद्रीसाहेबांनी तिथल्या तिथं खरं सांगून टाकायला हवं होतं. ते गप्प बसले. आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की ही मुलगी पोरकी आहे, तिच्या मनात श्रद्धा जागी झालेली आहे, तेव्हा तिला मद्रासकडच्या मिशनच्या अनाथाश्रमात पाठवायचं. तिथं तिला नवं नाव मिळेल.

बातमी गल्लीत पसरली आणि एकाएकी येसू सगळ्यांची झाली. माणसं शाळेपुढे जमली. आमच्या शिलेदाराची पोर बाटवता म्हणजे काय, असं जो तो म्हणू लागला. ज्यांनी तिला कधी पाण्याचा तांब्या दिला नव्हता ते सगळ्यात पुढे होते. तेवढ्यात गिरिजाबाई दार उघडून बाहेर आल्या.

"काल रात्री ही कुणाच्या घरात झोपली?" त्यांनी विचारलं.

पुढे उभे असलेले मागे सरकू लागले.

"परवा? त्याच्या आधी? एवढी घरं आहेत. एका पोरीपुरतं थान कुणाकडे नव्हतं का?" घोडा बांधायच्या जागेला थान म्हणतात. "आता सगळ्यांना ती आपली वाटते. जा, घरी जा. मला तुझी लाज वाटते." त्या सगळ्यांना मिळून 'तू' म्हणाल्या, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं लागलं.

मग त्या वळल्या आणि आत गेल्या. खिडकी उघडी होती. त्या मोठ्या साहेबांशी इंग्रजीत बोलत होत्या, पण मधूनमधून पागेतलं मराठी निसटत होतं, त्यामुळे अज्जांना सगळं समजत होतं. साहेब शांतपणे उत्तरं देत होते. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता आणि हातात येसूचा हात होता.

"काय झालं?" अज्जांनी विचारलं.

"तो म्हणतो, पोरगी पाठव, नाहीतर मिशन सोड."

"मग?"

"सोडलं. तुझी पागा रिकामी आहे ना?"

अज्जांची पागा घोडा गेल्यापासून रिकामीच होती. त्या संध्याकाळी अज्जांनी स्वतः लंगडत लंगडत तिथलं गवत उपसलं, शेणानं सारवायला माझ्या आईला बोलावलं. आई मनातून घाबरली होती. "सुम्मने बसा अज्जा, गप्प बसा, लोक काय म्हणतील," असं ती म्हणाली, पण सारवायला गेली.

लोक म्हणाले ते असं, की पोर बाईकडे राहील तर राहो, पण तिचं जेवण हिंदूच्या घरी शिजलं पाहिजे. नाहीतर उद्या तिला कोण करून घेणार? हे ऐकून बाई इतक्या संतापल्या की दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाल्या, "तू शिजव. मी भांडत नाही. तिचं लग्न अडायला नको." तेव्हापासून येसू आमच्या चुलीपाशी जेवे आणि बाई पागेत एकट्या जेवत. इतकी वर्षं ते तसंच चाललं. हे आम्ही त्यांच्यावर लादलं आणि आम्हाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

बाईंचं शिकवणं थांबलं नाही. पागेतच वर्ग भरे. मिशनच्या शाळेतल्या निम्म्या मुली तिकडे गेल्या. जखमा बांधायला सगळी गल्ली येई, ज्यांना त्यांनी लाज काढून घरी पाठवलं होतं तेसुद्धा. रविवारी त्या चालत देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, जात आणि शेवटच्या बाकावर बसत. पाद्रीसाहेबांच्या पत्नी परतताना त्यांच्याबरोबर पागेपर्यंत येत, पदराआड नाही पण झग्याआड लपवून पाव आणत. येसूला बाई बायबलातल्या गोष्टी सांगत आणि आई तिच्याकडून तुळशीला पाणी घालवी. ही पोर नक्की कुणाची, असं एकदा कुणीतरी बाईंना टोचून विचारलं. "मोठी झाली की तिचं ती ठरवील," त्या म्हणाल्या. "आधी तिला पाढे येऊ देत."

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा पुन्हा रणकंदन. गल्लीला घाई, बाईंना मुळीच नाही. सोळा पुरी होईपर्यंत त्यांनी येणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाला दारातूनच हाकललं. एकाला तर "पोरीचे दात बघायला आलास का?" असं विचारलं. शेवटी अज्जांनीच येलवालचं स्थळ आणलं. मुलाचा आजा रिसाल्यात अज्जांच्या शेजारी घोडा बांधत असे. मुलगा समंजस होता. बाईंनी त्याची उलटतपासणी घेतली, त्यानं घाम पुसत सगळी उत्तरं दिली आणि लग्न ठरलं.

लग्नात बाई मांडवाच्या कडेला बसल्या. कन्यादान अज्जांनी केलं. बाईंनी दिवसभर आचाऱ्याला, वाजंत्र्याला, पाणक्याला, ज्याला त्याला फैलावर घेतलं. येसूची गाडी निघाली तेव्हा मात्र त्या पागेत होत्या. येसू नमस्काराला आत गेली आणि लगेच बाहेर आली. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही.

पुढचे काही दिवस गल्ली फार शांत होती. बाई कुणावर चिडेनात. गटार तुंबली तरी काही बोलल्या नाहीत. आईला ते सहन होईना. एका दुपारी ती शेंगा निवडत बसली होती, मी तिच्या शेजारी होते. बाई आल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"तुझ्यात पोरीला माहेरी कधी आणतात?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या सणाला. नागपंचमीला मूळ जातं."

"मूळ म्हणजे?"

"माहेरचं माणूस. आणायला जातं ते."

"कोण जातं?"

"भाऊ जातो. नाहीतर चुलता."

बाईंनी एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे आईच्या सुपात टाकले. "आणि तिला दोन्ही नसले तर?"

आई रीतीची फार. सणाचा स्वयंपाक मिठाइतकाही इकडचा तिकडे होऊ देत नसे. तिनं सूप खाली ठेवलं. "आई कधी जात नाही मुळाला," ती म्हणाली. मग सूप परत उचलून म्हणाली, "तुम्ही जा."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी अज्जांनी गाडी जोडली. बाई पुढे बसल्या, मी मागे. हुणसूरच्या रस्त्यानं आम्ही निघालो, आणि येलवाल येईपर्यंत बाईंनी बैल हळू हाक असं एकदाही सांगितलं नाही.

येसूच्या सासूबाई दारात आल्या. लग्नात त्यांनी बाईंना लांबून पाहिलं होतं. त्या थोड्या गोंधळल्या आणि अज्जांकडे बघत म्हणाल्या, "मूळ म्हणून कोण आलंय?"

अज्जा काही बोलायच्या आत बाई पुढे झाल्या. "मी," त्या म्हणाल्या. "मी तिच्या माहेराहून आले आहे."

सासूबाई आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायचं असतं. बाईंचे बूट घोट्याच्या वरपर्यंत नाड्यांनी आवळलेले. त्या उंबऱ्याशी बसून सोडायला लागल्या, पण गाठ सुटेना. सासूबाई तांब्या धरून उभ्या राहिल्या.

येसू आतून आली. काही न बोलता ती खाली बसली, बाईंचे हात बाजूला केले आणि एकेक करून दोन्ही बूट तिनं सोडले.