कप्तान दीपगृहाखाली उभा होता

“हे सांगून कुणाला खरं वाटत नाही, तुलाही वाटणार नाही,” असं आधीच बजावून अबाजींनी कौशिककडे चहा सरकवला. कौशिक बेर्शेवाच्या विद्यापीठात संशोधन करणारा साताऱ्याचा मुलगा. घरचं जेवण मिळतं म्हणून अधूनमधून बस पकडून येरुहामला यायचा. टीव्हीखालची जुनी व्हिडिओ-खेळाची पेटी पाहून त्यानं सहज विचारलं होतं, की एकाच खेळाचे इतके भाग निघाले आणि या वयात तुम्ही ते सगळे खेळलात, असं आहे तरी काय त्यात? अबाजींची नात नोफार सैन्यातून रजेवर आली होती. बूट न काढताच ती सोफ्यावर आडवी पडली होती.

खेळातल्या कप्तानाचं जहाज दर भागात फुटायचं. दर भागात तो अनोळखी किनाऱ्यावर ओलाचिंब उठून बसायचा. खिशात काही नाही, हातात नकाशा नाही. पुढे बंद दारं, आणि किल्ली भलतीकडेच.

“आता हे आपलंच घराणं नाय काय?” अबाजी म्हणाले. “नवगावला आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, तिथनं आम्ही सुरू झालो. मंग मला मुंबैहून आणून ट्रकमधनं या वाळूत उतरवला. भाषा येत नाय, दार कुठलं उघडतं ठाऊक नाय. त्या कप्तानाला बघितलं आणि म्हटलं, हा तर चुलतभाऊ.”

पहिला भाग घरात आला तेव्हा नोफारचे दुधाचे दात पडत होते. तिची आई कारखान्यातून येईपर्यंत आजोबा-नात कप्तानाला खड्ड्यात पाडायचे आणि पुन्हा किनाऱ्यावरून उठवायचे. भाग वाढत गेले, नोफार वाढत गेली. शेवटच्या भागाचा शेवट आला तो नेमका तिच्या भरतीच्या आदल्या शुक्रवारी. रविवारी सकाळी तिला निघायचं होतं. त्याआधी कप्तानाला घरी पोचवायचाच, असा तिचा हट्ट होता.

दीपगृहाच्या फक्त पायऱ्या उरल्या आणि शब्बातचा, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाचा, भोंगा वाजला. खेळ जपून ठेवायची सोय थेट वरच्या दिव्यापाशी. आजी, नोफारची सवता, जेमायमाबाई मेणबत्त्यांपाशी काडेपेटी घेऊन उभ्या. मग ठरलं, कप्तानाला आहे तिथंच थांबवायचं, पेटी चालू ठेवायची आणि शनिवारी संध्याकाळी शब्बात सुटला की पायऱ्या चढायच्या. टीव्ही आणि पेटी दोन्ही शब्बातच्या घड्याळावर होती. वेळ झाली की ते आपोआप वीज तोडतं, कारण त्या दिवशी बटणाला हात लावायचा नसतो. म्हणून वीज तोडणारी खुंटी आधीच काढून टाका, असं नोफारनं सबांना, म्हणजे आजोबांना, बजावून सांगितलं. घड्याळ लावायचं काम अबाजींचंच होतं.

शनिवारी देवळातून, म्हणजे सिनेगॉगमधून, परतताना ही बातमी पसरली. शेजारचे जुडा आणि अमोस बघायला आले. थांबलेल्या खेळाकडे नुसतं बघण्यात पाप आहे का, यावर मटणाच्या रश्श्याबरोबर वाद रंगला. जुडांचं म्हणणं, आपण खेळत नाही, कप्तानही खेळत नाही, तर पाप कोण करतंय? जेमायमाबाईंना वेगळीच काळजी. कालपासून उभा आहे बिचारा, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी प्रेषित एलियाहू हानावीला मलिद्याचा नवस बोलून टाकला.

जेवणं आटोपत आली आणि टीव्ही टक्कन विझला.

कुणालाच हात लावता येईना. नोफार काळ्या काचेकडे बघत बसली. सगळं बेट पुन्हा पहिल्या गुहेपासून. रविवारी ती गेली. त्यानंतर रजा मिळाली की ती घरी यायची आणि दोघं कप्तानाला थोडं पुढे न्यायचे. कप्तान अजून अर्ध्या वाटेवरच होता.

“पण खुंटी काढली होती ना?” कौशिकनं विचारलं.

“या हातानं काढली. म्हणून तर म्हटलं, खरं वाटणार नाय.” अबाजी पुढे सरकले. त्यांच्या सांगण्यानुसार त्या दुपारी वाळवंटातून असा वारा सुटला, की मांजर टेबलावरून उडून दिव्यावर गेलं. वाळू घड्याळात शिरली आणि चाक उलटं फिरलं. तेवढ्यानं भागलं नसतं. पण मलिद्याचं ऐकून प्रत्यक्ष एलियाहू हानावी दारात आले. आपल्यासाठी पानही वाढलं नाही आणि सगळे टीव्हीला चिकटलेत, हे पाहून त्यांनी काठीनं घड्याळाला जरासा स्पर्श केला.

“काठी मी डोळ्यांनी बघितली,” अबाजी म्हणाले. “सुरूच्या लाकडाची. आपल्या अलिबागकडं मिळते तशी.”

सोफ्यावरून आवाज आला.

“सबा, दाय. पुरे.” नोफारनं डोळे उघडलेच नाहीत. “खुंटी तुम्ही काढलीत, खिशात टाकलीत. मग सवता मेणबत्त्या लावायला वळली आणि तुम्ही ती परत लावलीत. मी दारात उभी होते. सगळं बघितलं, आणि गप्प बसले. कप्तान इतक्यात घरी पोचायला मलाही नको होता.”