खिडकी क्रमांक चारची फाइल-तपासणी

अंबरनाथच्या दाखले वितरण केंद्रात सोमवारी एक परिपत्रक आलं आणि त्याच्यासोबत एक चकचकीत डिस्क आली. केंद्रातल्या बाराही संगणकांवर बसवलेल्या फाइली मूळ स्वरूपातच आहेत, की कोणी त्यांत हात घातला आहे, याची चार दिवसांत खातरजमा करावी, असा आदेश होता. प्रत्येक फाइलीची चौसष्ट अक्षरांची एक खूण असते. फाइलीत एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी अख्खी खूण बदलते. मूळ खुणांची यादी डिस्कमध्ये होती. तिच्याशी ताडून पाहायचं, एवढंच काम.

डिस्क संगणकात घातली असती तर चहा येईपर्यंत निकाल लागला असता. पण आवक विभागाचा नियम असा, की आलेली प्रत्येक वस्तू पंच करून नस्तीला टॅगने बांधायची. डिस्कला मधोमध एक भोक आधीच होतं, हे खरं. परंतु नियमात भोकं दोन आहेत. तेव्हा दोघा कारकुनांनी मिळून जोर लावला, दोन भोकं पाडली, डिस्क नस्तीला बांधली आणि तिच्यावर पृष्ठ क्रमांक सात टाकला.

"मूळ यादी आता अभिलेखात सुरक्षित आहे," केंद्रप्रमुख हरिचंद्र साहेब समाधानाने म्हणाले. "कुणाचा बाप आला तरी बदलू शकणार नाही."

"साहेब, वाचूही शकणार नाही," चार नंबरच्या खिडकीवरची संजीवनी म्हणाली.

"मॅडम, सुरक्षित म्हणजे आणखी काय असतं?"

संजीवनी बदलापूरच्या बेलवलीची. नऊ वर्षं त्याच खिडकीवर. बाई कामाला चोख, पण एक खोड वाईट. कोणी काही सांगितलं की म्हणायची, "लेखी द्या." गेल्या वर्षी देखभालीचा ठेकेदार भूपेश एकेका मशीनमधली एक फाइल 'सुधारत' फिरला, तेव्हा हिने त्यालाही लेखी आदेश मागितला होता. तो हसला, "जाऊ दे ना मॅडम, टेन्शन नॉट," म्हणाला आणि पुढच्या मशीनकडे वळला. हाच भूपेश खाली जिन्याजवळ टेबल टाकून लोकांचे फॉर्मही भरून द्यायचा. त्याने भरलेले अर्ज अकरा मशीनवर आपोआप यादीत वर यायचे. हे सगळ्या अंबरनाथला ठाऊक होतं, फक्त केंद्राला अधिकृतपणे ठाऊक नव्हतं. चार नंबरवर मात्र आधी आला त्याचा अर्ज आधी, असला मागासलेला प्रकार चालू होता.

आता मूळ यादी वाचता येत नाही, तर ताडायचं कशाशी? समिती बसली. बाराही मशीनच्या खुणा एकमेकींशी ताडाव्यात, ज्या जास्त मशीनवर सापडतील त्या मूळ समजाव्यात, असं एकमताने ठरलं. तांत्रिक जाणकार म्हणून समितीने भूपेशलाच नेमलं. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या तर निदान नेमणूकपत्र तरी रीतसर हवं, म्हणून ते दोन प्रतींत काढलं.

गुरुवारी निकाल लागला. अकरा मशीनच्या खुणा तंतोतंत सारख्या. एक मशीन वेगळं.

"मॅडम," साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही काय केलंत हो?"

"काहीच नाही केलं, साहेब. म्हणून तर वेगळं आहे!"

"अकरा मशीन खोटं बोलतात आणि एक खरं? लोकशाही आहे, मॅडम."

त्याच वेळी चार नंबरच्या खिडकीपुढे शिरगावचे बुधाजी उभे होते. सोमवारपासून रोज येत होते. नात जिज्ञासा, नर्सिंगच्या यादीत नाव लागलेलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत रहिवासी दाखला पोचला नाही, तर जागा दुसरीला. घरात शिकून बाहेर पडणारी ही पहिलीच पोर. म्हातारा सरकत सरकत त्या दिवशी पहिल्या नंबरावर आला होता.

"ताय, माजाच नंबर ना आता?"

"तुमचाच बाबा. दोन मिनिटं."

दोन मिनिटं झालीच नाहीत. भूपेशने वायर ओढली. मशीनला सुतळी बांधली, लाखेचं सील ठोकलं, पंचनाम्यात लिहिलं, 'उपरोक्त यंत्र बहुमताशी विसंगत आढळून आले.' संजीवनी साहेबांच्या केबिनमध्ये धावली.

"साहेब, एवढा एक दाखला काढू द्या. पोरीचं आयुष्य आहे हो!"

"संशयित यंत्रातून निघालेला दाखला चालायचा कसा? उद्या त्या मुलीवरच संशय येईल. आम्ही तिच्याच भल्याचं बघतोय."

संजीवनीला असा संताप आला की हातातला शिक्का टेबलावर आपटावासा वाटला. पण बाहेर बाकावर म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन तिच्याकडेच बघत होता. तिने शिक्का मुठीतच ठेवला.

शुक्रवारी दुपारी मशीन परत आलं. चार नंबरवर आता बाकी अकरांचीच फाइल होती. बारापैकी बारा खुणा जुळल्या, साहेबांनी वरती शंभर टक्के अखंडतेचा अहवाल पाठवला आणि वरून अभिनंदनाचं पत्रही आलं. संजीवनीने यादी उघडली. काल पहिल्या नंबरावर असलेले बुधाजी आज एक्केचाळिसाव्यावर होते. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मला माफ करा. आज व्हायचं नाही."

बुधाजींनी कागद पिशवीत घातले. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले.

दहा मिनिटांनी मशीन आपलं आपणच जागं झालं. यादीत सगळ्यात वर बुधाजी. दाखला छापून बाहेर आला, खाली 'देणार: संजीवनी, खिडकी क्रमांक चार'. तिने सही केली. न करून सांगते कोणाला? चार वाजता तो दाखला कॉलेजात पोचलासुद्धा.

सोमवारी बुधाजी पेढे घेऊन आले. पहिला पेढा तिच्याच हातावर ठेवला.

"ताय, तुजा मशीन बिघडलेला व्हता तवा चार दिस खेपा घातल्या. नीट जाला आन् धा मिंटात काम! खालचा तो पोरगा लय गुनाचा हाय बग."

"बाबा, बिघडलं होतं ते..." ती म्हणाली, आणि थांबली. म्हाताऱ्याचं तोंड एवढं फुललेलं होतं की पुढचं बोलवेना.

साहेबांनी लगबगीने अभिप्राय वही पुढे केली. 'यंत्रणा उत्तम, सेवा तत्पर.' बुधाजींनी आनंदाने अंगठा उठवला. ते गेल्यावर संजीवनीने पेढा कागदात गुंडाळून ठेवला आणि वही चाळायला घेतली. साडेतीनशे अभिप्राय होते, सगळे तसेच. चार नंबरची खिडकी रांगेने चालायची, तेव्हाचा एकही नव्हता.

तुमचाही अभिप्राय सत्ताविसाव्या पानावर आहे. 'फार फिरावं लागलं नाही, धन्यवाद.' खाली सही तुमचीच आहे, ताडून पाहा.