चारचा चहा आणि शेवटचं रीळ

"हेस्टर, बॉम्ब पडो नाहीतर राजा मरो, चारच्या ठोक्याला चहा गेलाच पाहिजे. माणसांना ताटकळत ठेवायचं नाही."

आई जाताना एवढंच सांगून गेली. त्यानंतरच्या सतरा वर्षांत बॉम्ब पडले, राजाही वारला. पण क्रॉयडनच्या चर्चच्या सभागृहात मिस हेस्टर लॉबचा चहा कधी चुकला नाही. सकाळची प्रार्थना आणि चारचा चहा, दोन्ही तिला सारखेच.

यंदा ते सभागृह एका सिनेमा कंपनीने आठवड्यापुरतं घेतलं, कारण स्टुडिओ परवडत नव्हता. पुठ्ठ्याच्या भिंतींचा कॉफी बार उभा राहिला. नाचायला गल्लीतली तीस पोरंपोरी, सँडविचच्या बोलीवर. हिरो रॉकी ब्लेझ, म्हणजे नळ दुरुस्त करणारा स्टॅन्ली बग्ज. गाणं आधी ध्वनिमुद्रित करण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो कॅमेऱ्यापुढे खरोखरच गायचा.

बुधवारी गाणं रंगात आलं आणि चार वाजले. स्वयंपाकघरातून चहाची ढकलगाडी निघाली. दारात शेपूट सापडलेल्या डुकरासारखं तिचं चाक किंचाळलं. रीळ वाया. गुरुवारी चाकाला तेल घातलं, तर चाळीस कपबशा खुळखुळल्या. दुसरं रीळ वाया.

दिग्दर्शक ग्रिमशॉ यांनी कपाळाला हात लावला. "मिस लॉब, आता एकच रीळ उरलंय. उद्या चहा अर्धा तास उशिरा नाही चालणार?"

"नाही चालणार," ती हळू आवाजात म्हणाली. "आईला शब्द दिलाय."

"बरं, आम्ही तिनालाच गाणं उरकतो. पण आवाज नको म्हणजे नको!"

स्टॅन्ली तिच्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, हे गाणं गेलं की सोमवारी मी परत लोकांच्या मोऱ्यांत."

"टाचणी पडल्याचाही आवाज येणार नाही, बाळा. शब्द देते."

त्या संध्याकाळी तिने चाकांना लोकरीचे मोजे चढवले. प्रत्येक कपाखाली घोंगडीची चकती शिवून ठेवली. चमचे फ्लॅनेलमध्ये गुंडाळले.

शुक्रवारी तिनाला दिवे गेले. दिवे आले तर गिटारची तार तुटली. तार बसली तोवर हिरोच्या केसांचा तुरा बसला. अखेर रीळ फिरू लागलं तेव्हा चाराला मिनिट उरलं होतं. स्टॅन्ली मात्र असा गायला की ग्रिमशॉंच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

काटा चारवर आला. हेस्टरने बूट काढले, देवाचं नाव घेतलं आणि गाडी ढकलली. खरंच, चाहूलसुद्धा लागली नाही. म्हणून कोणी अडवलंही नाही. ती पुठ्ठ्याच्या दारातून थेट दिव्यांच्या झोतात आली.

पहिल्या पोरीने गिरकी घेता घेता चहा पाहिला आणि गाडीमागे जाऊन उभी राहिली. तिच्यामागे तिचा जोडीदार. रेशनमध्ये वाढलेली ती पोरं. बघता बघता तिसांची शिस्तीत रांग लागली, तालावर डुलत.

ग्रिमशॉ तोंडात मूठ कोंबून उभे होते. ओरडावं तर आवाज रिळात जाणार.

स्टॅन्ली डोळे मिटून गात होता. पोराचा घसा सुकला असेल, हेस्टरच्या मनात आलं. त्यालाच कशाला ताटकळत ठेवायचं? तिने पहिला कप भरला, दोन चमचे साखर घातली, न ढवळताच. आणि मोज्यांवर, पाऊल न वाजवता, ती त्याच्याकडे निघाली.