उत्तमरावांच्या घरात किती वाजले?

"घड्याळाचं काय घेऊन बसली, पोरी! आत्ता लावून देतो!" सेनगावजवळच्या गोरेगावच्या उत्तमरावांनी स्क्रू-ड्रायव्हर असा उगारला, जणू समोर कंप्युटर नव्हे, माजलेला गोऱ्हाच उभा होता!

दुखणं साधंच होतं. कंप्युटरच्या आतला बटणाएवढा सेल मेला होता. चालू केला की गडी थेट पंधरा वर्षं मागं जायचा, आणि मग एकही वेबसाइट उघडायची नाही. आज दहाला त्याच्यावरच लेकीची, कोमलची, मुलाखत होती. नांदेडची कंपनी, पहिलीच नोकरी! मध्येच मोबाईल वाजायला नको म्हणून द्वारकाबाईंनी घरातले सगळे मोबाईल बंद करून ज्वारीच्या कोठीत खुपसले होते.

उत्तमरावांनी नवा सेल बसवला. कंप्युटर चालू होता होता एक बटण दाबून ते तारीख-वेळ लावायच्या निळ्या पडद्यात शिरले.

"बाबा, टाइम इंटरनेटवरून घेऊ द्या ना."

"काहून? माझ्या घरात किती वाजले ते परमुलखातलं मशीन सांगन व्हय?"

ते आपोआप वेळ घेणंच त्यांनी बंद करून टाकलं. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. धर्मसिंगची सेनगावला जाणारी जीप चुकू नये म्हणून ते दहा मिनिटं पुढंच असायचं. ती दहा वजा केली आणि वेळ लावली. एकदम बराबर!

पण कंप्युटर परत चालू व्हायलाच बसला गोल गोल फिरत. अखेर मुलाखतीचं पान उघडलं, तर कोपऱ्यात सव्वादहा! पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची.

"गेले ते लोक!" कोमलला रडूच फुटलं.

"कंप्युटर खोटं कसं बोलन, माय!" द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला.

उत्तमरावांनी रिकाम्या खुर्चीलाच हात जोडले. "साहेब, पोरीचा गुन्हा न्हाई! ह्या मशीननं घात केला! एकडाव माफी करा!"

खुर्चीमागून चहाचा कप घेतलेल्या एक मॅडम डोकावल्या. "काका, दहाला अजून वेळ आहे. इतकं लवकर कुणी येत नाही हो!"

द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "पोरीचं लवकर आवरावं म्हणून भितीवरचं घड्याळ सकाळी म्याच आणखी अर्धा तास पुढं सारलं. तुमी त्याच्यावरून कंप्युटर लावसाल, हे मले काय ठाव?"

उत्तमराव चिडणार होते, पण आधी हसू आलं. जीव कसा भांड्यात पडला! मुलाखत झकास झाली, कोमलला नोकरी लागली, गल्लीत पेढे वाटले. उत्तमरावांनी कंप्युटर आणि भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही अगदी खऱ्या वेळेवर आणली आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात खोटा टाइम चालणार न्हाई!"

पुढच्या सोमवारी सेनगावला निघायचं होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सवयीनं दहा मिनिटं वजा केली आणि निवांत आणखी एक कप चहा घेतला. रस्त्यावर आले तेव्हा जीपची फक्त धूळ उरली होती.

तिथूनच ते ओरडले, "अगं ए, ते घड्याळ आधी पुन्यांदा बिघडव!"